माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नाव कुणाचं घालायचं? विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

मराठी विकिपीडियावर खातं उघडलं की माणूस पहिल्यांदा आपल्या गावाचं पान शोधतो आणि मग आपल्या शाळा-कॉलेजचं. कॉलेजच्या पानावर खाली 'प्रसिद्ध माजी विद्यार्थी' असा मथळा असतो, त्याखाली पाच-सात नावं असतात, आणि ती वाचता वाचता मनात येतं, अरे, आपला अमका यात कसा नाही? संपादनाची कळ समोरच असते. नाव टाकलं, जतन केलं, झालं.

मीही सुरुवात अशीच केली. शाळेत आम्हाला गणित शिकवणाऱ्या बाई त्याच शाळेच्या विद्यार्थिनी. आयुष्यभर शिकवलं, कितीतरी मुलांची गणिताची धास्ती घालवली. त्यांचं नाव मी यादीत घातलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नाव गायब, आणि पानाच्या इतिहासात त्या बदलासमोर दोनच शब्द: 'संदर्भ नाही'. फार लागलं मला ते. आज तशी नावं मी स्वतः काढतो. बाईंबद्दलचा आदर होता तेवढाच आहे, पण ती यादी म्हणजे शाळेच्या दिवाणखान्यातला मानाचा फलक नव्हे, हे उमगायला मला वर्ष लागलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

१. दोन प्रश्न वेगळे करा

यादीतल्या प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारायचे. ही व्यक्ती ज्ञानकोशात यावी इतकी उल्लेखनीय आहे का? आणि ती खरंच या संस्थेत शिकली का? दोन्हींची उत्तरं 'हो' हवीत आणि दोन्हींना पुरावा हवा.

नवे सदस्य हमखास चुकतात ते इथे. कवी मोठा आहे, त्याच्यावर भरपूर लिहून आलंय, म्हणून दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्याच्यावरच्या लेखाचा दुवा संदर्भ म्हणून जोडला जातो, आणि तो उघडून पाहावा तर त्यात या कॉलेजचं नावसुद्धा नसतं. उलटही होतं. अमुक व्यक्ती इथे शिकली याचा कागद असतो, पण तिच्याबद्दल बाहेर कुणी चार ओळी लिहिलेल्या नसतात. एक संदर्भ दोन्ही प्रश्नांना पुरला तर उत्तम, नाहीतर दोन जोडा.

२. 'इथे शिकला' म्हणजे नेमकं काय, ते तपासा

यासाठी मी नव्या मंडळींना नेहमी एकच उदाहरण देतो: डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एकाच माणसाचं किती संस्थांशी किती तऱ्हांचं नातं असू शकतं, ते त्यांच्या चरित्रात लख्ख दिसतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर ती नोंद आहे, नाव भिवा रामजी आंबेडकर. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज, १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, १९१५ मध्ये तिथली एम.ए. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या सगळ्या संस्थांच्या यादीत त्यांचं नाव हक्काने येतं.

आता पुढचं पाहा. १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज त्यांच्याच संस्थेने काढलं. १९५३ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना मानद डी.लिट. दिली. या चारही ठिकाणी त्यांचं नाव पानावर असायलाच हवं, पण माजी विद्यार्थी म्हणून नाही. सिडनहॅमच्या पानावर 'प्राध्यापक' या भागात, विधी महाविद्यालयात 'प्राचार्य' म्हणून, सिद्धार्थमध्ये स्थापनेच्या इतिहासात, उस्मानियात मानद पदव्यांमध्ये. विद्यार्थी, शिक्षक, संस्थापक आणि मानद पदवीधर ही चार नाती वेगळी आहेत. एखाद्या संस्थेच्या पानावर ती एकाच यादीत कोंबलेली दिसली तर पहिलं काम ती सोडवण्याचं.

कधी एकाच संस्थेशी दोन नाती असतात. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनचेच विद्यार्थी आणि पुढे तिथलेच प्राध्यापक. मग नाव दोन्हीकडे येऊ द्या.

शिक्षण अर्धवट सोडलेल्यांचं काय? हा वाद वारंवार निघतो. महात्मा गांधी १८८८ मध्ये भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले आणि एका सत्रानंतर सोडून गेले. ते माजी विद्यार्थी धरायचे का? प्रचलित संकेत असा, की प्रवेश घेऊन प्रत्यक्ष शिकलेली व्यक्ती माजी विद्यार्थी धरतात. पदवी ही अट नाही. मात्र ओळीत ते लिहून टाकावं: 'एक सत्र, १८८८'. नुसतं नाव ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटतं गांधीजी तिथले पदवीधर.

आणि जन्म, वास्तव्य, भाषण, उद्घाटन यातून कुणी विद्यार्थी होत नाही. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये जन्मला तो मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथे शिकवत. जे. जे.च्या इतिहासात ही गोष्ट जरूर सांगावी. विद्यार्थ्यांच्या यादीत ती येत नाही.

३. साल ताडून पाहा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या चुका इथेच सापडतात. संस्थेचं स्थापनेचं साल एका बाजूला, व्यक्तीच्या शिक्षणाची सालं दुसऱ्या बाजूला.

पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. मग ते फर्ग्युसनचे विद्यार्थी असतील कसे? ते तिथे शिकवत होते. टिळकांची पदवी १८७७ ची, डेक्कन कॉलेजची. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे ही मंडळी फर्ग्युसन उभं करणारी, तिथे शिकलेली नव्हेत. तरीही 'टिळक फर्ग्युसनचे' असं आपण बोलून जातो आणि बोलण्यातलं तसंच यादीत उतरतं.

विद्यापीठाचा घोळ याहून जुना. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. त्याआधी पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या मुलांना पदवी मिळायची मुंबई विद्यापीठाची. सावरकर फर्ग्युसनमध्ये शिकले ते १९०२ पासून पुढे. म्हणून त्यांना पुणे विद्यापीठाच्या यादीत घालता येत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, नागपूर विद्यापीठ १९२३ चं. राजाराम कॉलेजात एकोणिसाव्या शतकात शिकलेला माणूस शिवाजी विद्यापीठाच्या यादीत दिसला, तर तिथे तुमची दुरुस्ती हवी आहे.

४. उल्लेखनीय कोण?

थोडक्यात कसोटी अशी: त्या व्यक्तीबद्दल, तिच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह ठिकाणी, सविस्तर लिहून आलेलं आहे का? 'सविस्तर' म्हणजे सत्कार समारंभाच्या बातमीत उपस्थितांच्या नावांत आलेलं नाव नव्हे. 'संबंध नसलेल्या' म्हणजे तिचं स्वतःचं संकेतस्थळ, तिच्या कंपनीचं पत्रक, तिच्या पक्षाचं मुखपत्र चालत नाही.

काही ठिकाणी उत्तर झटकन मिळतं. आमदार-खासदार, देशासाठी खेळलेले क्रिकेटपटू, साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी यांच्याबद्दल लिहिलेलं बहुधा असतंच. सरपंच, नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य ही पदं मोठ्या जबाबदारीची आहेत, पण केवळ पदावर नाव येत नाही. त्यांच्या कामावर स्वतंत्र लिखाण झालेलं असावं लागतं. 'समाजभूषण', 'जीवनगौरव' असे पुरस्कार आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पुरस्कार कुणी दिला आणि त्याची दखल बाहेरच्या कुणी घेतली, ते पाहा.

पगार, हुद्दा, परदेशातली नोकरी यांना इथे वजन नाही. मोठ्या कंपनीत उपाध्यक्ष असलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या हुशार मुलाबद्दल कॉलेजला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. तरी त्याच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिलेलं नसेल तर त्याची जागा कॉलेजच्या स्मरणिकेत.

आणि उल्लेखनीय म्हणजे चांगला असं नाही. गाजलेल्या खटल्यात शिक्षा झालेली व्यक्ती त्या कॉलेजची विद्यार्थी होती आणि दोन्ही गोष्टी भक्कम संदर्भांनी सिद्ध असतील, तर 'आमचं नाव खराब होतं' या कारणासाठी ते नाव काढता येत नाही.

५. संदर्भ कुठे शोधायचे

मराठीत आपण वाटतं तेवढे दरिद्री नाही. मराठी विश्वकोश संगणकावर खुला आहे आणि त्यातल्या व्यक्तींच्या नोंदींत शिक्षण कुठे झालं ते बहुतेक वेळा दिलेलं असतं. जुन्या लोकांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश उघडा. गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, ग्रंथपालांना अशा कामाचं अप्रूप असतं. प्रकाशित चरित्रं, वृत्तपत्रांतले मृत्युलेख, विद्यापीठांचे इतिहास हे सगळं चालतं. छापील पुस्तकाला दुवा नसतो म्हणून घाबरू नका. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल आणि पृष्ठ क्रमांक दिलात की पुरे.

काय टाळायचं? वाढदिवसाच्या पुरवण्या. आपल्याकडे नेत्याच्या वाढदिवसाला वृत्तपत्राची चार पानं निघतात, बातमीसारखी दिसतात, पण ती जाहिरात असते. गौरवग्रंथ, संस्थेच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका, कॉलेजचं वार्षिक ही सामग्री दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे 'इथे शिकला का' यासाठी, बेताने वापरता येते. पहिल्या प्रश्नासाठी अजिबात नाही.

शाळेच्या रजिस्टरचा फोटो काढून लावला तर? तेही एकट्याने पुरत नाही. ते नाव त्याच व्यक्तीचं आहे हे दुसऱ्या कुणी अभ्यासून लिहिलेलं हवं. साताऱ्याची नोंद चालते, कारण तिच्याबद्दल वृत्तपत्रांनी, पुस्तकांनी लिहिलं, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्र शासनाने विद्यार्थी दिवस म्हणून ठरवला.

नावाच्या रूपांकडे लक्ष ठेवा. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचा ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा. त्याखाली नाव आहे 'आनंदाबाई', आणि जोशी हे आडनाव रोमन लिपीत शेवटी दोन 'ई' घालून. नेहमीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते कागद सापडणारच नाहीत. लग्नाआधीची नावं हा आपल्याकडचा आणखी एक अडसर. इरावती कर्वे माहेरच्या करमरकर. एखाद्या बाईंचं नाव कॉलेजच्या जुन्या यादीत दिसत नाही म्हणून त्या तिथे नव्हत्याच असं ठरवण्याआधी माहेरचं नाव शोधा.

६. लाल दुवा आला तर

ज्या नावाचा लेख अजून नाही, त्याचा दुवा लाल दिसतो. काही जण दिसेल तो लाल दुवा यादीतून काढतात. मला ते पटत नाही. मराठी विकिपीडियावर कितीतरी योग्य माणसांचे लेख अजून लिहायचे राहिलेत. लेख नसणं आणि लेखाची योग्यता नसणं यात फरक आहे.

हा फरक २०१८ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. २ ऑक्टोबरला डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. कुणीतरी दिलेला मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात संदर्भ अपुरे म्हणून परत गेला होता. त्या मॅकमास्टर आणि रॉचेस्टर या विद्यापीठांच्या माजी विद्यार्थिनी. ३० सप्टेंबरला कुणी त्यांचं नाव लाल दुव्याने तिथल्या यादीत घातलं असतं तर ते काढणं चूक ठरलं असतं, आणि संदर्भाविना घालणंही कच्चंच राहिलं असतं. म्हणून मी असं करतो: लाल नावासोबत भक्कम, स्वतंत्र संदर्भ असेल तर राहू देतो. नसेल तर आधी स्वतः दहा मिनिटं शोधतो. तरी मिळालं नाही तर नाव त्या लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर हलवतो, म्हणजे ते हरवत नाही. सर्वांत चांगलं म्हणजे आधी त्या व्यक्तीचा छोटा लेख लिहा. तुमच्या धूळपाटीवर (सरावासाठीच्या कच्च्या पानावर) पाच-सहा संदर्भासह ओळी जमल्या तर यादीतली जागा पक्की. नाही जमल्या तर तेही उत्तरच आहे.

७. ओळ कशी लिहायची

नाव, एका वाक्यांशात ओळख, शिकल्याचा काळ, संदर्भ. बस. 'इरावती कर्वे, मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका' एवढं पुरतं. 'मा.', 'श्री', 'प्रा. डॉ.', 'लोकनेते', 'कर्मवीर', 'साहेब', 'दादा' या उपाध्या नावाआधी-नंतर लावू नका. 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'अष्टपैलू' ही विशेषणंही नकोत. रोजच्या बोलण्यात ज्यांना आपण दादांशिवाय हाक मारत नाही, त्यांचं नाव असं उघडं लिहिताना हात अडखळतो, माझाही अडखळतो. पण ज्ञानकोशात आंबेडकर आणि गोखले ज्या पद्धतीने लिहिले जातात, त्याच पद्धतीने सगळे.

क्रम आडनावाच्या अकारविल्हे लावा किंवा काळानुसार. महत्त्वानुसार लावलात की भांडणाला आमंत्रण दिलंच.

८. हयात व्यक्ती आणि कॉलेजची माणसं

हयात व्यक्तीबद्दलचा संदर्भाविना मजकूर कुणीही, कधीही, न विचारता काढू शकतो, आणि ते योग्यच आहे. विशेषतः 'पदवी खोटी', 'कॉलेजातून काढलं होतं' अशा गोष्टी ऐकीव माहितीवर कधीही लिहू नका.

कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती यायची असली की माजी विद्यार्थ्यांच्या याद्या एकाएकी वाढतात, कारण नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी स्वतंत्र भाग आहे. एकदा एका कॉलेजच्या पानावर एका संध्याकाळी पन्नासेक नावं आली, त्यातले बरेचसे संस्थेचे संचालक. मी ती चर्चा पानावर हलवली. दोन दिवसांनी तिथल्या एका सरांनी लिहिलं, "आमच्या अध्यक्षांचं नाव आपण का काढलंत? ते याच कॉलेजचे आहेत." मी विचारलं, "सर, त्यांच्याबद्दल संस्थेबाहेरच्या कुणी लिहिलेलं काही मिळेल का?" त्यांनी तीन-चार दिवस खरोखर शोधलं. अध्यक्षांबद्दल काही मिळालं नाही, पण शोधता शोधता त्यांना तिथे शिकलेल्या एका स्वातंत्र्यसैनिक बाईंवरचा जुना लेख सापडला, जो आम्हा कुणालाच माहीत नव्हता. ते नाव आज यादीत आहे, संदर्भासह.

तुम्ही स्वतः कॉलेजात नोकरीला असाल आणि कामाचा भाग म्हणून पान सुधारत असाल, तर ते तुमच्या सदस्य पानावर जाहीर करा. विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून ते बंधनकारक आहे. मग थेट बदल करण्यापेक्षा चर्चा पानावर नाव आणि संदर्भ मांडा, दुसरं कुणी तपासून घालेल. स्वतःचं, घरच्यांचं नाव स्वतः घालूच नका.

९. राहून गेलेली नावं शोधा

मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हा. नावं काढणं सोपं आहे; जी असायला हवीत आणि नाहीत ती आणणं जास्त मोलाचं. संस्थेच्या पानावर 'येथे काय जोडले आहे' हा दुवा असतो. तो उघडला की त्या संस्थेच्या पानाचा दुवा असलेले सगळे लेख दिसतात, आणि त्यातली निम्मी चरित्रं यादीत नसल्याचं लक्षात येतं. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यावर, व्यक्तीच्या नोंदीत शिक्षण कुठे झालं याचं कलम असतं, तिथूनही धागे मिळतात. मात्र ते तिथेही संदर्भाशिवाय भरलेलं असू शकतं, म्हणून तपासून घ्या.

परदेशी संस्थांच्या मराठी पानांकडेही वळा. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी., १९११ चे. इरावती कर्वे यांची डॉक्टरेट बर्लिनची. अशा पानांवर मराठीत लिहिणारे मोजकेच, त्यामुळे तुमची एक ओळ तिथे फार दिवस टिकते.

१०. तुमचा बदल उलटवला गेला तर

लगेच पुन्हा घालू नका. इतिहासात जाऊन कारण वाचा. कारण लिहिलं नसेल तर चर्चा पानावर विचारा: 'हे नाव मी या दोन संदर्भांवरून घातलं होतं, काय कमी पडतंय?' उलटवणाऱ्या सदस्याच्या पानावरही एक निरोप ठेवा. हे सगळे तुमच्यासारखेच नोकरी-धंदा सांभाळून लिहिणारे लोक आहेत, उत्तराला वेळ लागतो, आठवडाभर थांबा. तरीही उत्तर आलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडा, संदर्भ पुन्हा द्या. आणि कुणी तुमचा संदर्भ कमकुवत असल्याचं दाखवून दिलं, तर नाव चर्चा पानावरच राहू द्या, खाली सही करा. पुढे कधी पुस्तक निघेल, लेख येईल, आणि ज्याच्या हाती तो लागेल त्याला तुमची नोंद तिथे आयती मिळेल.